यूपीआयचे पैसे कापले, पण पोचले नाहीत? मग हे करा

बँकेचा मेसेज आलाय, खात्यातून ८५० रुपये गेलेत, आणि समोरचा म्हणतोय, 'माझ्याकडे काहीच आलं नाही.' अशा वेळी घाईघाईत दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे लगेच पुन्हा पैसे पाठवले जातात, आणि दुसरी म्हणजे गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधला जातो. दोन्ही टाळा. पहिलीत पैसे दोनदा जातात. दुसरीत खातं रिकामं होऊ शकतं, कारण तिथे वर दिसणारा नंबर भामट्याचा असण्याची शक्यता बरीच असते.

आधी ॲपमधली हिस्ट्री उघडा आणि त्या व्यवहारापुढे कोणता शब्द लिहिलाय तो बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

'फेल्ड' लिहिलंय आणि पैसेही कापले गेलेत, तर ते आपोआप परत येतात. बऱ्याचदा काही मिनिटांत, कधी दुसऱ्या दिवशी. 'पेंडिंग' किंवा 'प्रोसेसिंग' असेल तर प्रकरण मध्येच लटकलंय. यूपीआयमध्ये आधी तुमच्या बँकेतून पैसे वजा होतात, मग एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, समोरच्या बँकेला 'जमा करा' असा निरोप देते. त्या बँकेचा सर्व्हर त्या क्षणी गर्दीत असेल तर उत्तर वेळेत येत नाही. पैसे जमा झाले की नाही, हे तेव्हा कुणालाच नक्की ठाऊक नसतं. म्हणून पेंडिंग व्यवहार नंतर यशस्वीही होऊ शकतो. निकाल लागेपर्यंत त्याच माणसाला तीच रक्कम पुन्हा पाठवू नका. अगदीच निकड असेल तर रोख द्या आणि मागचे पैसे नंतर आले तर परत करायचे, हे तिथेच बोलून ठेवा.

'सक्सेसफुल' दिसतंय आणि तरीही समोरच्याला मिळाले नाहीत, तर पैसे कोणत्या नावावर गेले ते तपासा. समोरच्याने चुकीच्या बँकेचं पासबुक बघितलेलं असणं, हेही सर्रास घडतं. एका मोबाइल नंबरला दोन-तीन खाती जोडलेली असतात आणि पैसे भलत्याच खात्यात येऊन पडलेले असतात.

आता तक्रारीसाठी लागणारा बारा आकडी नंबर. व्यवहार उघडला की तिथे दोन-तीन लांबलचक क्रमांक दिसतात. अक्षरं आणि आकडे मिसळलेला असतो तो बहुधा ॲपचा स्वतःचा क्रमांक, बँकेला त्याचा फारसा उपयोग नाही. बँकेला हवा असतो तो फक्त आकड्यांचा, बरोबर बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. काही ॲपांत तो 'यूपीआय रेफरन्स नंबर' किंवा 'आरआरएन' या नावाने असतो. खात्याच्या स्टेटमेंटमध्येही तो 'यूपीआय' या शब्दाने सुरू होणाऱ्या नोंदीत सापडतो. स्क्रीनशॉट काढाच, पण नंबर कागदावर किंवा स्वतःलाच मेसेज करून लिहून ठेवा. ॲप काढून पुन्हा टाकलं की जुनी हिस्ट्री दिसेलच, याची खात्री नसते.

किती दिवस थांबायचं, यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. माणसाने माणसाला पाठवलेले पैसे कापले गेले आणि पलीकडे जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले पैसे कापले गेले पण त्याला पोच मिळाली नाही, तर मुदत पाच दिवसांची. दिवस कॅलेंडरचे मोजतात, त्यामुळे शनिवारी अडकलेल्या पैशांसाठी रविवारही धरला जातो. मुदत उलटली की दर दिवसाला १०० रुपये भरपाई. रक्कम किती होती याच्याशी या शंभराचा संबंध नाही. वीस रुपये अडकले तरी दिवसाचे शंभरच. ही भरपाई न मागता खात्यात जमा व्हावी, असंही त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात मागावी लागते, म्हणून तक्रारीत परिपत्रकाची तारीख घाला. तारीख बघितली की उत्तराचा सूर बदलतो.

दुकानात एक गोंधळ नेहमीचा. साउंडबॉक्स बोलला नाही, म्हणजे पैसे आले नाहीत, असं दुकानदार धरून चालतो. डबा बोलत नाही याचं कारण बऱ्याचदा त्याच्यातल्या सिमची रेंज एवढंच असतं. त्याला स्वतःच्या ॲपमधली जमा यादी बघायला सांगा, त्यात तुमच्या यूटीआरचे शेवटचे चार आकडे जुळवा. तरीही नसेल आणि रोख द्यावी लागली, तर बिलावर 'यूपीआय अडकले, रोख घेतली' असं लिहून यूटीआर टाकून घ्या. आणखी एक: कित्येक छोट्या दुकानांत लावलेला क्यूआर हा मालकाचा वैयक्तिक असतो. तो व्यवहार माणसाने माणसाला पाठवल्यासारखा धरला जातो, म्हणजे मुदत पाच नाही, एकच दिवसाची.

मुदत संपली, पैसे नाहीत, तर तक्रार. सुरुवात ॲपमध्येच करा: तो व्यवहार उघडून त्याच्याखालच्या 'हेल्प' किंवा 'रेज डिस्प्यूट'वर. बाहेरून केलेल्या तक्रारीला व्यवहार जोडावा लागतो, इथे तो आपोआप जोडला जातो. त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवा. ॲप हा फक्त मधला दरवाजा आहे, पैसे बँकेतच आहेत. फोन करायचा असेल तर डेबिट कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा नंबरच वापरा. अर्जात एवढंच पुरे:

'दि. ... रोजी ... वाजता माझ्या खाते क्र. ... मधून रु. ... यूपीआयद्वारे वजा झाले, परंतु लाभार्थ्याच्या खात्यात जमा झाले नाहीत. यूटीआर क्र. ... . रक्कम परत करावी आणि रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार विलंबाची भरपाई द्यावी.'

अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेचा शिक्का घ्या. ई-मेल केला तर तक्रार क्रमांक जपून ठेवा. शाखेत 'ॲपवाल्यांना विचारा' असं सांगून परत पाठवतात. तेव्हा वाद न घालता 'हेच लेखी द्या' म्हणा. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरही यूपीआयच्या तक्रारीचा फॉर्म आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं सीएमएस हे तक्रारीचं पोर्टल आहे, चौकशीचा नंबर १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. पण आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तिथून हात हलवत परत यावं लागतं. शिक्का घ्यायचा तो यासाठीच.

चुकीच्या माणसाला गेलेले पैसे ही मात्र निराळी भानगड. इथे यंत्रणेने तुम्ही सांगितलं तसंच केलंय, त्यामुळे शंभर रुपयांचा नियम लागू नाही. ज्याच्या खात्यात गेले त्याच्या संमतीशिवाय तुमची बँक ते ओढून आणू शकत नाही. ॲपमध्ये आणि बँकेत 'चुकून दुसऱ्या खात्यात' अशी तक्रार त्याच दिवशी नोंदवा. तुमची बँक त्या बँकेला, आणि ती तिच्या ग्राहकाला विचारते. जितका उशीर तितकी पैसे खर्च होऊन गेलेले असण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा पिन टाकण्याआधी नाव वाचणं सोपं. ३० जून २०२५ पासून ॲपांनी बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं आहे, तुम्ही फोनमध्ये 'भाऊ गॅरेज' म्हणून सेव्ह केलेलं नाही. नवीन नंबर असेल तर आधी एक रुपया पाठवून विचारा.

हेच उलटं घडलं, कुणी अनोळखी फोन करून 'चुकून तुम्हाला पाच हजार आले, या नंबरवर परत पाठवा' म्हणाला, तर आधी स्टेटमेंट बघा, मेसेज नाही. मेसेज बनावट असू शकतो. पैसे खरंच आले असतील तरी वेगळ्या नंबरवर पाठवू नका. 'तुमच्या बँकेमार्फत मागा' एवढं सांगा आणि आपल्या बँकेला कळवा. चोरीचे पैसे असे फिरवले जातात आणि मग गोठतं ते तुमचं खातं.

आणि फसवणूकच झाली असेल, तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, मग बँकेला सांगून यूपीआय बंद करून घ्या, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून इथे तासांनी नाही, मिनिटांनी हिशेब करायचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पिन तुम्हीच टाकला असेल किंवा ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. त्यामुळे बँकेला किती वाजता कळवलं, ती वेळही लिहून ठेवा.