अश्वगंधा घेताय? या चुका टाळा

"आठ दिवस झाले, अजून झोप लागत नाही." अश्वगंधेबद्दल विचारायला येणारे निम्मे लोक सुरुवात इथूनच करतात. अहो, ही झोपेची गोळी नाही. तिच्यावरचे बरेच अभ्यास आठ-दहा आठवड्यांचे आहेत. तेवढा धीर नसेल तर विकतच घेऊ नका.

पण त्याहून मोठी चूक म्हणजे चूर्ण आणि अर्क एकच समजणं. माझा मामेभाऊ रात्रपाळी करतो, दिवसा झोप नाही. मी फोनवर सांगितलं, कोमट दुधातून एक सपाट चमचा चूर्ण घे. त्याने ऑनलाइन मागवली अर्काची पूड, कारण ती "जास्त स्ट्राँग". वर चमचाही शिगोशीग भरला. तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, शेवटी सलाइन. डबी बघितली तर मात्रा 300 मिलिग्रॅम लिहिलेली! चूर्ण दिवसाला 3 ते 6 ग्रॅम घेतात. तेवढाच अर्क घेतला की मात्रा दहापट किंवा त्याहून जास्त होते. अर्क चमच्याने मोजायचाच नाही. आता मी आधी डबीचा फोटो मागवते, मगच बोलते.

थायरॉइडची गोळी चालू असताना परस्पर सुरू करणं हीसुद्धा तशीच घातक चूक. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते. मग छातीत धडधडतं आणि होती ती झोपही उडते. झोपेच्या, बीपीच्या, साखरेच्या गोळ्या असतील तरी आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात नकोच. घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा. यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

पाल्याची पूड घेऊ नका. औषधात मूळच वापरावं, पानं नकोत, असं आयुष मंत्रालयानेही 2021 मध्ये उत्पादकांना बजावलं होतं.

रात्री दहाला चहा पिऊन अकराला अश्वगंधा घेणाऱ्यांना मी आधी चहा सोडायला सांगते.

चूर्ण दोन-दोन वर्षं गॅसशेजारी ठेवू नका, कीड लागते. मी मुळंच आणते. मोडल्यावर कट्कन तुटलं, आत पांढरं दिसलं आणि नावाप्रमाणे घोड्यासारखा उग्र वास आला, तरच घेते. एका वेळी 100 ग्रॅम दळून वस्त्रगाळ करते आणि काचेच्या बरणीत भरते. बरणीवर दळल्याची तारीख चिकटवलेली असते.