सोल्यूशन मॅन्युअल उघडण्याआधीची तयारी

केमिकल इंजिनिअरिंगचं गणित सोल्यूशन मॅन्युअल, म्हणजे पुस्तकातल्या गणितांची सोडवलेली उत्तरं, घेऊन करायचं असेल तर आधी आवृत्ती जुळते का ते बघा. पुस्तक एका आवृत्तीचं आणि मॅन्युअल दुसऱ्या आवृत्तीचं असेल तर गणितांचे क्रमांक सरकतात आणि अर्धा तास भलत्याच उत्तराशी झटापट होते. प्रिंट असेल तर उत्तम, पान झाकता येतं. पीडीएफ मोबाइलवर असेल तर मोबाइल दुसऱ्या खोलीत.

मग आकृती. उदाहरणाला कॅटॅलिस्टच्या (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाच्या) गोळीचं गणित घेऊ, ज्यात रेणू गोळीत झिरपत जातात आणि तिथेच अभिक्रिया होते. गोळी सपाट, दंडगोल की गोल, हे ठरवून त्यातली एक पातळ चकती किंवा कवच घ्या आणि मास बॅलन्स (आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि अभिक्रियेत संपलेलं यांचा हिशेब) मांडा. समीकरण आणि दोन्ही बाउंडरी कंडिशन (सीमांवरच्या अटी) स्वतःच्या अक्षरात कागदावर उतरेपर्यंत मॅन्युअलला हात लावायचा नाही. पुढचं इंटिग्रेशन खुशाल बघून करा, त्यात काही जात नाही. मांडणी मात्र उसनी घेतली की परीक्षेत पहिल्याच ओळीला पेन अडतं.

चिन्हांच्या व्याख्या वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. थीले मॉड्युलसचंच घ्या, म्हणजे रेणू आत झिरपण्याच्या मानाने अभिक्रिया किती वेगवान आहे ते सांगणारा आकडा. सपाट गोळीची अर्धी जाडी २ मिलीमीटर, डिफ्युजिव्हिटी (रेणू किती सहज झिरपतात ते सांगणारा आकडा) १०⁻⁸ चौरस मीटर प्रति सेकंद, पहिल्या ऑर्डरचा रेट कॉन्स्टंट ०.०१ प्रति सेकंद. मॉड्युलस, म्हणजे अर्धी जाडी गुणिले (रेट कॉन्स्टंट भागिले डिफ्युजिव्हिटी) याचं वर्गमूळ, येतो २, आणि मॉड्युलसचा टॅन-एच (हायपरबोलिक टॅन्जंट) भागिले मॉड्युलस केलं की इफेक्टिव्हनेस फॅक्टर (प्रत्यक्ष वेग भागिले झिरपण्याचा अडथळा नसतानाचा वेग) ०.४८. त्याच सूत्रात अर्धीऐवजी पूर्ण जाडी घातली तर मॉड्युलस ४ आणि उत्तर ०.२५. गोल गोळीत हा घोळ आणखी वाढतो, कारण कुणी त्रिज्या घेतं, कुणी त्रिज्येचा तिसरा हिस्सा. तुमचं उत्तर मॅन्युअलशी जुळत नसेल तर बीजगणित तपासण्याआधी हे तपासा.

आता पान झाका आणि एकेक ओळ उघडा. ‘उघडच आहे’ म्हणून मॅन्युअल जिथे उडी मारतं, तिथे थांबायचं. दंडगोलात बेसेल फंक्शनची दोन उत्तरं येतात आणि दुसरं गुपचूप गायब होतं. का, ते समासात लिहा: अक्षावर ते अनंताकडे जातं आणि कॉन्संट्रेशन अनंत असू शकत नाही.

मॅन्युअलही चुकतं, बऱ्याचदा अधिक-उणेच्या चिन्हात. म्हणून अंतिम उत्तर मूळ समीकरणात परत घाला, मॉड्युलस शून्याकडे नेल्यावर फॅक्टर १ होतो का बघा.

दोन-तीन दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर, मॅन्युअलशिवाय. गेट (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची संगणकावरची परीक्षा) देणार असाल तर आकडे स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवरच काढा. तिथे टॅन-एच माउसने टिचकी मारून मिळवावा लागतो, खिशातला कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही.