जुनी स्पोर्टी गाडी की नवी? मजा कशात आहे ते गोव्याच्या रस्त्यावर तपासायची रीत

"जुन्या गाड्यांत जान होती, नव्या नुसत्या पळतात" हे वाक्य म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गॅरेजच्या बाकड्यावर ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बऱ्याचदा तुलना होते ती वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीतल्या गाडीशी. नाहीतर बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) संपलेल्या जुन्या गाडीशी, आणि मग निकाल नव्या गाडीच्या बाजूने जातो. दोन्ही गाड्या आधी नीट करून, एकाच रस्त्यावर, एकाच वेगात चालवल्या तरच खरं काय ते कळतं.

पोर्शे किंवा बीएमडब्ल्यू दारात असायलाच हवी असं नाही. एका बाजूला फियाट पॅलिओ 1.6, फोर्ड फिएस्टा 1.6 एस, पहिली होंडा सिटी व्हीटेक किंवा पॉवर स्टिअरिंग नसलेली जुनी झेन, आणि दुसऱ्या बाजूला फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा आय20 एन लाइन अशी जोडी चालेल. गाडी मित्राची असली तर त्याला शेजारी बसवा, पुढे त्याच्याकडे काम आहे.

फरक पडतो कशाने

पहिली गोष्ट वजन. 1986 ची ई30 बीएमडब्ल्यू एम3 बाराशे किलोच्या आसपास होती, आजची एम3 (जी80 पिढी) सतराशेच्या पुढे आहे. 1996 ची लोटस एलिस सव्वासातशे किलोची. जड गाडीला तितकीच चपळ करायची तर रुंद टायर, कडक स्प्रिंग आणि मोठे ब्रेक लागतात, आणि यातली प्रत्येक वस्तू तिची मर्यादा आणखी वर नेते. मग चोर्ल्याच्या वळणावर फलकावरच्या वेगात गाडी तिच्या ताकदीच्या एक तृतीयांशातही येत नाही. कंटाळा येतो तो इथे.

दुसरी गोष्ट गिअर. पोर्शे 718 केमन जीटी4 चा दुसरा गिअर ताशी 130 किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे रस्त्यावर दुसरा गिअर पुरता वापरायचा तर लायसन्स पणाला लावावं लागतं. तुमच्या गाडीचा हिशोब सोपा आहे: आरपीएम गुणिले टायरचा परीघ मीटरमध्ये, गुणिले 60, भागिले गिअर रेशो आणि फायनल ड्राइव्हचा गुणाकार, भागिले 1000. 205/55 आर16 टायरचा परीघ सुमारे 1.98 मीटर. समजा दुसऱ्या गिअरचा रेशो 1.95 आणि फायनल ड्राइव्ह 4 आहे, तर 6000 आरपीएमला वेग निघतो 91 च्या आसपास. हा आकडा 80 ते 95 च्या दरम्यान असला तर घाटात गिअर टाकायला काम उरतं. 110 च्या वर गेला की सगळा घाट दुसऱ्यातच संपतो.

तिसरं इंजिन. व्हर्टस जीटीचं 1.5 टर्बो 1600 आरपीएमपासूनच 250 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) देतं. सोय म्हणून उत्तम, पण योग्य गिअर निवडण्याचं बक्षीस त्याने काढून घेतलं. जुन्या सिटी व्हीटेकचे आरपीएम वर न्यावे लागत. चुकीच्या गिअरमध्ये ती मरगळून जायची आणि ती चूक चालवणाऱ्याला लगेच कळायची.

चौथं स्टिअरिंग, आणि सगळ्यात जास्त भांडण याच्यावरच. वळताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग मुरडतो. त्यामुळे बाजूचा जोर चाकाच्या मध्यापेक्षा थोडा मागे लागतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला बघतं. टायरवरचा बाजूचा ताण वाढत गेला की ते अंतर घटत जातं. पकड सुटायच्या जरा आधी स्टिअरिंग हातात हलकं पडतं, आणि हीच ती सूचना जिच्यासाठी लोक जुन्या गाड्यांची आठवण काढतात. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या झेनमध्ये ती तळहातावर सरळ येते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये थोडी गाळून येते. इलेक्ट्रिकमध्ये मोटर किती मदत करणार हे संगणक ठरवतो, आणि ही मदत जास्त असली, त्यात मोटर स्टिअरिंग कॉलमवर असली, तर हलकेपणातला तो बारीक फरक बहुधा हरवतो.

कंपन्या इलेक्ट्रिककडे गेल्या याला कारण आहे. हायड्रॉलिक पंप इंजिनवर सतत ओझं टाकतो, आणि लेन सांभाळणं किंवा आपोआप पार्किंग इलेक्ट्रिकशिवाय अवघड. पोर्शे 911 मध्ये हा बदल 2011 च्या 991 पिढीत झाला, माझदाच्या मियाटात 2015 च्या पिढीत. पण सगळा दोष मोटरवर टाकू नका. 9000 आरपीएमपर्यंत ओरडणाऱ्या 1999 च्या होंडा एस2000 लाही इलेक्ट्रिक स्टिअरिंगच होतं.

जुनी गाडी आधी जागेवर आणा

गोव्यात जुनी गाडी म्हणजे आधी गंज. किनाऱ्याकडची खारी हवा आणि मडगार्डच्या आत थापून बसलेली तांबडी माती, दोन्ही ओल धरून ठेवतात. दारांखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, बोनेटखाली शॉकअपचे वरचे माथे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या एवढं बोटाने दाबून आणि टॉर्च मारून बघा. शॉकअपचा माथा कुजला असेल तर चाचणी तिथेच थांबवा. अलाइनमेंट त्यावर टिकणार नाही आणि गाडी घाटात न्यायच्या लायकीची नाही.

मग रबर. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, रॅक एंड, इंजिन माउंटिंग आणि गिअर लिंकेजचे बुश. गाडी स्टँडवर घ्या, पुढचं चाक नऊ आणि तीनच्या काट्यांवर धरून हलवा. खट्‌ वाजलं तर टाय रॉड किंवा रॅक एंड. बारा आणि सहावर वाजलं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. बुशमधल्या भेगा पट्टीच्या पहारेने आर्म हळूच ढकलल्यावर दिसतात.

बुश बदलताना एक चूक सर्रास होते. गाडी लटकलेली असतानाच आर्मचा बोल्ट पूर्ण आवळतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, स्टिअरिंग मध्यावर येत नाही आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी सैलसर लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-तीनदा दाबून सोडायची, आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचा. मेकॅनिक कंटाळा करील. उभं राहून करून घ्या.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 जातीच्या ऑइलचा उकळबिंदू नवा असताना किमान 230 अंश, ओल धरल्यावर 155 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि घाट उतरताना पॅडल मऊ पडतं ते त्यामुळे. साधारण दोन वर्षांनी बदलतात. इथल्या पावसाळ्याचा विचार करता दर वर्षी ऑक्टोबरात बदललेलं बरं. एक लिटर लागेल असं धरा. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट 5.1 वेगळं, ते चालतं.

हायड्रॉलिक स्टिअरिंगचं ऑइल काळं झालं असेल तर टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचंच घाला, आणि बेल्ट पावसात किंचाळतो का ते ऐका. गाडीतल्या पेट्रोल पंपापासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळ्याही बदलून घ्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या ई20 ने (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) जुनं रबर फुगतं आणि तडकतं. इथेनॉल चालेल अशीच नळी मागा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचं टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेलं असतं, त्यावर कसलीच चाचणी करू नका. आणि जुन्या गाडीला रुंद टायर चढवायचा मोह आवरा. स्टिअरिंग जड होतं, गाडी रस्त्यातल्या चरांमागे धावते, आणि ज्यासाठी जुनी गाडी घेतली तेच जातं.

अलाइनमेंट करताना छापील कागद मागा आणि त्यात कॅस्टर (बाजूने बघता, चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) बघा. डावीउजवीत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असला तर गाडी एका बाजूला ओढते.

नव्या गाडीला काम कमी

हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या स्टिकरप्रमाणे भरा. घाट चढून आल्यावर तीन-चार पीएसआय वाढलेली दिसेल, ती काढायची नाही. ड्राइव्ह मोड असतील तर इंजिन स्पोर्टवर आणि स्टिअरिंग नॉर्मलवर ठेवा. स्पोर्टमध्ये स्टिअरिंग बहुतेक वेळा फक्त जड होतं, रस्त्याचं काही जास्त सांगत नाही. सस्पेन्शन बदलता येत असेल तर मऊ ठेवा, आपल्या पॅचवर्कच्या रस्त्यांवर कडक सस्पेन्शनवर चाक टेकण्यापेक्षा उडतंच जास्त. लेन असिस्ट बंद करा, कारण ते हातात लुडबुड करतं आणि तीच जाणीव म्हणून मोजली जाते. गिअर उतरवताना आपोआप आरपीएम जुळवायची सोय असेल तर तीही बंद. ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) मात्र चालू ठेवा. वळणावर ट्रकमधून सांडलेली खडी कुठे असेल त्याचा नेम नाही.

रस्ता आणि वेळ

दोन जागा पुरतात. ब्रेकची चाचणी वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर रविवारी सकाळी. वळणांसाठी सत्तरीतल्या केरीहून अंजुणे धरणापुढे लागणारा चोर्ला घाट, नोव्हेंबर ते मार्चमध्ये. पावसात तिथे धुकं असतं आणि धबधब्याचे फोटो काढणारे रस्त्यातच उभे असतात. अनमोड घाटात अवजड वाहनं फार, एका ट्रकमागे सगळी चाचणी वाया जाते. सूर्य उगवल्यावरच निघा. गावातून जाताना पोदेराची (पाववाल्याची) सायकल आणि रस्त्यात बसलेली गुरं, दोन्हींना वाट त्यांचीच असते.

एसी बंद, गाणी बंद, काचा अर्ध्या खाली, फलकावरचा वेग. दोन्ही गाड्या तुम्हीच चालवा, आणि आधी जुनी की नवी ते नाणेफेकीने ठरवा.

काय मोजायचं

सुरुवात वेगाच्या अंदाजाने करा. शेजारचा माणूस मधूनच विचारतो, "आता किती?" तुम्ही काट्याकडे न बघता सांगायचं, तो काटा बघून फरक लिहितो. असं दहा वेळा. नव्या बंदिस्त गाडीत बहुतेक जण कमी सांगतात, खरा वेग जास्त निघतो. गाडी तुमच्याशी किती बोलते याचं इतकं स्वस्त माप दुसरं नाही.

मग कुठलं चाक. पॅच किंवा कॅट आय (रस्त्यात बसवलेला चमकणारा खुंट) चाकाखालून गेला की लगेच "डावं पुढचं", "उजवं मागचं" असं बोला, शेजारी खिडकीतून बघून खूण करील. जुन्या हलक्या गाडीत पुढची चाकं हाताला आणि मागची सीटला कळतात. मागची कळत नसतील तर सीटची मागची पाठ एक घर सरळ करून पुन्हा बघा, अर्ध्या तक्रारी बसण्याच्या असतात. मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, खांदे सीटला चिकटलेले ठेवून.

ब्रेकसाठी वसाहतीत कडेला एक दगड ठेवा. ताशी 50 वरून झटका न देता गाडी थांबवायची, आरसा दगडाच्या रेषेत. पाच वेळा करून अंतर टेपने मोजा. मागे वाहन नाही याची खात्री दर वेळी करायची. पहिला सेंटिमीटरभर काहीच न होणारं आणि मग एकदम चावणारं पॅडल असलं, तर अंतरं विखुरतात.

घाटात दोन गोष्टी मोजा: केरीपासून वरपर्यंत गिअर किती वेळा बदलला, आणि एकाच ठरलेल्या वळणात स्टिअरिंग किती वेळा सावरलं. दुसरी मोजणी शेजाऱ्याकडे. गिअर भरपूर आणि सावरणं एक-दोनदाच, अशी गाडी त्या रस्त्याला शोभते. सावरणं चार-पाचदा होत असेल आणि गाडी जुनी असेल, तर आधी बुशकडे परत जा. नव्यात होत असेल तर बहुधा स्टिअरिंग मध्यावर बधिर आहे, आणि त्याला फारसा इलाज नाही.

निकाल वाचताना

वेगाचा अंदाज आणि गिअरची संख्या यांत जुनी पुढे राहील, हे बहुतेक ठरलेलं. ब्रेकमध्ये नवी. चाक ओळखण्यात मात्र जोडी कुठली यावर सगळं अवलंबून आहे, आणि नीट केलेली फिएस्टा 1.6 एस इथे भल्याभल्यांना मागे टाकू शकते.

नवी गाडी चाकं ओळखण्यात मागे पडली तर एक बदल पैसे वसूल करतो: मोठे रिम उतरवून कंपनीनेच मान्य केलेल्या लहान रिमवर जाड टायर. 215/45 आर17 चा व्यास 625 मिलिमीटर, 205/55 आर16 चा 632, फरक जेमतेम एक टक्का, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का ते आधी एक रिम बसवून बघा, आणि मॅन्युअलमध्ये नसलेला साइज घेऊ नका, पासिंगला अडकतो. बाहेरून घातलेला एक्झॉस्ट मात्र आवाजापलीकडे काही देत नाही.

जुनी गाडी जिंकली आणि घ्यायची ठरली, तर आरसीवरची तारीख बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठीच वाढते आणि त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. सौदा पावसाळ्यानंतर करा. जूनमध्ये घेतलेल्या गाडीच्या सिलमधलं पाणी गणपतीपर्यंत दिसत नाही.