डेटाबेसची कंपनी विकली गेली तर पतसंस्थेने आणि जिनिंगने काय तपासावे

तालुक्याच्या गावातील पतसंस्था असो किंवा हिंगणघाट, वणीकडची जिनिंग, हिशेबाचे सॉफ्टवेअर नागपूर-अमरावतीच्या विक्रेत्याकडून घेतलेले असते आणि त्याच्या पोटात अनेकदा मायएसक्यूएल चालत असते. हा डेटाबेस मुक्त असला तरी त्याला मालक आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी संगणक कंपनीने २००८ मध्ये सुमारे १ अब्ज डॉलरला मायएसक्यूएल कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकल या डेटाबेस विकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेली. मायएसक्यूएल ज्यावर विसंबून होते ते इनोडीबी हे डेटा साठवणारे इंजिन बनवणारी कंपनी तर ओरॅकलने २००५ मध्येच विकत घेतली होती. मूळ निर्माते माँटी विडेनियस यांनी २००९ मध्ये मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली, ती मायएसक्यूएल ओरॅकलच्या हाती जाईल या काळजीपोटी.

आपल्याकडे नेमके काय बसवले आहे, हे पहिल्यांदा पाहावे. विक्रेत्याच्या माणसाला सर्व्हरवर ‘व्हर्जन कॉमेंट’ हे व्हेरिएबल दाखवायला सांगावे. तिथे ‘कम्युनिटी सर्व्हर – जीपीएल’ असे आले (जीपीएल म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) तर आवृत्ती मुक्त आहे; ‘एंटरप्राइझ’ आणि ‘कमर्शियल’ हे शब्द दिसले तर मात्र लायसन्सचा कागद कोणाच्या नावावर आहे, तो संस्थेच्या फाइलला का नाही, हे त्याच बैठकीत विचारावे.

जीपीएलची मुक्त आवृत्ती स्वतःच्या कार्यालयात वापरण्यासाठी, खातेदार कितीही असोत, लायसन्स फी लागत नाही. मालक बदलला म्हणून हाती असलेल्या प्रतीची परवानगीही जात नाही, कारण अटी पाळणाऱ्याकडून ती काढून घेण्याची तरतूदच जीपीएलमध्ये नाही. मालकाच्या हातात उरते ते पुढच्या आवृत्त्यांचे. मोंगोडीबी आणि रेडिस या दुसऱ्या डेटाबेसच्या कंपन्यांनी अनुक्रमे २०१८ आणि २०२४ मध्ये नव्या आवृत्त्यांच्या अटी बदलल्या, त्यासाठी कंपनी विकली जाण्याचीही गरज पडली नाही. रेडिसच्या बाबतीत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही शाखा लगेच उभी राहिली.

खरी अडचण येते ती विक्रेत्याच्या बाजूने. आपले सॉफ्टवेअर बंदिस्त ठेवून त्यासोबत मायएसक्यूएल गिऱ्हाइकाला देणाऱ्याला जीपीएलच्या अटी लागू होऊ शकतात आणि त्या टाळायच्या तर ओरॅकलकडून व्यापारी परवाना घ्यावा लागतो. तो परवाना त्याने घेतला आहे का, हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. म्हणून एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणावेळी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: डेटाबेसच्या परवान्याची जबाबदारी आणि त्याचा वाढीव खर्च विक्रेत्याचा राहील, आणि करार संपल्यावर संपूर्ण डेटा वाचता येईल अशा स्वरूपात, डेटाबेसच्या पासवर्डसह, संस्थेच्या ताब्यात दिला जाईल. तोंडी आश्वासनावर जाऊ नये. माझ्या मते पासवर्डची अट परवान्याच्या अटीपेक्षाही महत्त्वाची आहे, कारण संस्था अडवली जाते ती तिथेच.

यानंतर डेटा मारियाडीबीवर नेण्याची, म्हणजे स्थलांतराची चाचणी घ्यावी. मायएसक्यूएल ८.० च्या डेटा फाइल उचलून मारियाडीबीत ठेवता येत नाहीत, त्यामुळे मायएसक्यूएलडंप या साधनाने मजकुराच्या रूपात डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत काढून तो दुसऱ्या संगणकावर भरावा लागतो. ‘कोलेशन’ म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणारी नियमावली दोन्हीकडे सारखी नसते. मायएसक्यूएल ८ मध्ये आपोआप लागू असलेली (डिफॉल्ट) नियमावली मारियाडीबीच्या जुन्या आवृत्त्यांना ओळखू येत नाही आणि डंप भरताना चूक येते. म्हणून खातेदारांची मराठी नावे, विशेषतः ‘वऱ्हाडे’, ‘कोऱ्हाळे’ यांसारखी, शोधून सापडतात का ते तपासावे आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकेचा तक्ता) जुन्या सर्व्हरशी पैशापर्यंत जुळवावी. पोस्टग्रेस या दुसऱ्या मुक्त डेटाबेसचा पर्याय एका कंपनीच्या मालकीचा नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच बदल करावे लागतात, म्हणजे विक्रेता तयार असेल तरच त्याचा विचार करावा.

वेळ कामाप्रमाणे निवडावी. जिनिंगमध्ये दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना सर्व्हरला हात लावू नये, पावसाळ्यातला रिकामा काळ त्यासाठी बरा. पतसंस्थेने मार्चअखेर आटोपून लेखापरीक्षण झाल्यावर हे काम घ्यावे. नवा सर्व्हर सुरू केल्यावर किमान एक महिनाअखेर दोन्हीकडे नोंदी करून पाहाव्यात आणि जुना संगणक पुढचे लेखापरीक्षण होईपर्यंत मोडीत काढू नये.