कमी पैशात माउंटन बायकिंग कसं सुरू करायचं

माउंटन बायकिंग म्हटलं की लोक आधी सायकलींच्या किमती बघतात आणि तिथंच गार पडतात. पण हा खेळ सुरूच जुन्यापान्या सायकलींवर झालाय. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या डोंगरातून पोरं जाड टायरच्या जुनाट सायकली घेऊन रेस लावायची, खाली येईपर्यंत मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मध्यातला, ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं, ते दरवेळी परत भरावं लागायचं म्हणून रेसचं नावच पडलं रिपॅक.

सायकल: सेकंडहँड हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली. स्वस्तातली फुल सस्पेन्शन दिसते भारी, पण वजनाला जड, चढावर हेलकावे खाते आणि मागचे सांधे, बेअरिंग, शॉक या सगळ्याचा मेंटेनन्स वेगळाच. आधी साइज बघा, आडवी पाइप दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आरामात उभं राहता आलं पाहिजे, नसेल जमत तर कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या.

मग नीट तपासा, लाजू नका. वेल्डिंगच्या जागी, खासकरून हँडलखाली, भेग किंवा रंगाला सुरकुती दिसली तर सरळ घरी. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, चकचकीत नळ्यांवरनं नख फिरवा, ओरखड्यात अडकलं तर आतलं तेल अडवणारं सील लवकर जाणार. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवा, खडखड आली तर हेडसेट (हँडलखालच्या नळीतलं बेअरिंग) किंवा फोर्क ढिला. चेनला १२ इंची पट्टी लावा, एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की १२ वरही पिनच यायला हवी. ती १/१६ इंच पुढं सरकली असेल तर चेन बदलायची, १/८ म्हणजे मागचं कॅसेटपण (मागच्या चाकावरची गिअरची दातेरी चक्रं) गेलं समजा आणि तेवढी किंमत पाडून मागा.

उरलेले पैसे: हेल्मेट मात्र नवंच, कारण जुन्याच्या आतला फोम चेपलेला बाहेरनं दिसत नाही. नंतर टायर आणि ब्रेक पॅड. सोबत ट्यूब, पंप, टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी), अ‍ॅलन की. खास कपडे, क्लिपवाले शूज वगैरे आत्ता अजिबात नको, रुंद साध्या पॅडलवर पाय पटकन टेकवता येतो.

हवा: इथं सगळे चुकतात, टायर दगडासारखा कडक करतात आणि मग ग्रिप नाही म्हणून रडतात. सव्वादोन इंची टायर ट्यूबवर असेल तर वजनाप्रमाणे साधारण २५ ते ३५ पीएसआय (पंपावर दिसतं ते हवेच्या दाबाचं माप), मागं थोडी जास्त. दगडावर आपटून ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडली तर हवा कमी होती.

चालवणं: पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात घालवा. उतारावर सीट खाली, पॅडल आडवी समान, पायांवर उभं राहायचं, गुडघे-कोपर वाकलेले, नजर चाकापुढं नाही तर लांब. खड्ड्याकडं बघत राहिलात की त्यातच जाणार, हमखास! ब्रेक वळणाआधी, दोन्ही, हळूहळू वाढवत. गिअर चढ लागायच्या आधी हलका करा, जोर लावताना बदलला की चेन कडकड करते.

घरी आल्यावर चिखल साध्या पाण्यानं काढा, बेअरिंगवर जोराचा फवारा नको. चेनला तेल घाला आणि पाच मिनिटांनी वरचं पुसून टाका, ओलं ठेवलं तर धूळ चिकटते आणि मग तीच चेन कानशीसारखी कॅसेटचे दात खाते.