शिंजीर ओळखताना या चुका टाळा

आधी एक क्लिअर करू, मुंबईत हमिंगबर्ड नसतो. बाल्कनीतल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर म्हणजे सनबर्ड, हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत असतात, तेव्हा फोटोखाली तसं लिहिणं आता पुरे.

खरा गोंधळ पुढे आहे. सोसायटीच्या बागेपासून बोरिवलीच्या नॅशनल पार्कपर्यंत दोघं कॉमन आहेत, जांभळा शिंजीर आणि पर्पल-रम्प्ड सनबर्ड म्हणजे जांभळ्या कमरेचा शिंजीर, आणि लोक 'जांभळं चमकलं' एवढ्यावर नाव ठोकून मोकळे होतात, अहो पण जांभळं तर दोघांतही आहे ना! त्यात ही चमक येते पिसांच्या बारीक रचनेतून, म्हणून सावलीत तोच पक्षी ठार काळा दिसतो आणि ऊन पडलं की निळा-जांभळा. त्यामुळे नर असेल तर सरळ पोट बघायचं. खालपर्यंत गडद म्हणजे जांभळा शिंजीर, पोट पिवळं आणि पाठ लालसर तपकिरी म्हणजे पर्पल-रम्प्ड. कमरेवरचा जांभळा ठिपका शोधत बसू नका, तो बऱ्याचदा पंखांखाली झाकलेला असतो.

माद्यांचं मात्र भलतंच, दोघी वरून मळकट, खालून पिवळ्या. इथे गळा कामाला येतो: पर्पल-रम्प्ड मादीचा गळा राखाडी-पांढरा आणि छातीपासून पिवळा सुरू, जांभळ्याच्या मादीचा हनुवटीपासूनच पिवळसर. फोटो पाठीमागून काढलाय तर नाव विचारू नका, कोणी सांगू शकणार नाही, निदान मी तरी नाही.

आणि पिवळ्या छातीवर मधोमध काळी रेघ दिसली तर नवीन जात सापडली म्हणून उड्या मारू नका, विणीचा हंगाम संपल्यावर जांभळ्याचा नर असाच दिसतो, वयात येणारं पिल्लूसुद्धा.

आंब्यावरच्या बांडगुळापाशी चोच आखूड दिसली तर तो शिंजीर नाहीच, फुलटोचा नावाचा दुसराच छोटा पक्षी असेल. त्याचं वेड बांडगुळाच्या फळांचं, पण फुलांवरही येतो, म्हणून फसायला होतं.

नॅशनल पार्कात लालभडक गळ्याचा दिसला तर थांबा, पोट तपासा. राखाडी असेल तर तो विगॉर्स सनबर्ड, पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही, त्याला घाईत पर्पल-रम्प्ड लिहून टाकलंत तर पक्षीवाले तुम्हाला सोडणार नाहीत.