पोपटी लावायची तर पाल्यात कंजुषी नको

पोपटी म्हणजे मडक्यात पाला घालून जाळावर शिजवलेल्या शेंगा. परसात चार हात मोकळी माती असली की ती लावता येते, पण शेंगा वालाच्याच हव्यात. रायगडात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की पोपटीचा हंगाम. मटारच्या शेंगांवर भागवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

भरलेल्या हिरव्या शेंगा, खडेमीठ, ओवा, लहान बटाटे, अंडी. कोंबडी हवी तर मसाला चोळून केळीच्या पानात बांधायची. पाणी नाही, तेल नाही.

खरी मेख पाल्यात आहे. भांबुर्डीचा पाला बांधावर आपोआप उगवतो, कुणी त्याला भामरुड म्हणतात. तो ताजाच आणायचा, कारण त्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं आणि पोपटीचा तो उग्र वासही त्याचाच. माझ्या पहिल्या दोन पोपट्या करपल्या आणि मी जाळाला दोष देत बसले. चूक माझीच होती: तळाला मूठभर पाला टाकला होता. अहो, मडकं उलटं लावतात! तळ वर येतो आणि जाळ तिथेच सगळ्यात जास्त बसतो. म्हणून तळाला चार बोटं पाला, दाबून. मग शेंगा, मीठ-ओवा, मधोमध बटाटे, अंडी, कोंबडी, वर पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला इतका कोंबा, की मडकं उलटं करून हलवलं तरी एक शेंग खाली पडता कामा नये. आमची आत्या मडकं मांडीत घेऊन कोपराने कोंबायची.

मडकं जमिनीवर उपडं ठेवा, भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या रचा आणि पेटवा.

‘बरोब्बर अर्धा तास’ हा सल्ला निरुपयोगी. सरपण वेगळं, वारा वेगळा, मडकं वेगळं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र होऊन उडाले तर झाली, ओघळले तर अजून जाळ हवा. पण शिंपडा हं, ओतू नका. आमच्याकडे एका पाहुण्याने उत्साहात तांब्याच रिकामा केला, मडकं तडकलं आणि आम्ही दहा जण राखेतून शेंगा वेचत बसलो.

ओल्या पोत्याने धरून मडकं सुलटं करा. पाला काढताना तोंड बाजूला ठेवा, वाफ सणसणीत येते. अंडी माणशी दोन घाला; मुलं शेंगांकडे नंतर वळतात.